वातीचा पीळ

शेषराव मिस्त्री आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी आल्याआल्या पाट मागितला. सासूबाईंना वाटलं, बसायला हवा असेल. त्यांनी ओसरीवर पाट मांडला. मिस्त्रींनी वहाणा काढल्या, पाटावर उभे राहिले आणि भिंतीला लाकडी पट्टी ठोकायला लागले.

जेवायच्या पाटावर उभा राहिलेला माणूस सासूबाईंनी जन्मात पाहिला नव्हता. "अवो मिस्त्री," त्या म्हणाल्या, "पाटावर पाय?"

"काकू, तुमची ओसरी आत्ताच सारवली," मिस्त्री दातात खिळा धरून म्हणाले. "ओल्यात पाय अन् तारेले हात, म्हंजे मी गेलो."

"पण अजून तं तार लावलीच नाही तुम्ही."

"आज तारेत काही नाही. पण सवय ते सवय. पाटाले पाप लागन तं लागू द्या काकू, माह्या बायकोचं कुंकू आहे याच्यावर."

सासूबाईंनी तो पाट पुन्हा जेवणात घेतला नाही. घरात त्याला मिस्त्रीचा पाट म्हणायला लागले. तो अजून आहे. आत्ता मी हे लिहिते आहे ते त्याच पाटावर वही ठेवून.

माझं माहेर डोणगावचं. तिथे मी चौथीपर्यंत शिकले आणि लग्न होऊन खामगावात आले. मला चारचौघांत बोलता येत नाही, पुरुषमाणसांसमोर तर मुळीच नाही. लिहिता येतं. ही वही कोणी बघत नाही. मिस्त्रींबद्दल लिहावं असं पुष्कळ दिवस मनात होतं आणि पुष्कळ दिवस मी ते टाळत होते. गेल्या आठवड्यात डोणगावच्या बाजारात ते दिसले. तेव्हापासून टाळता येत नाही.

लढाई सुरू व्हायच्या थोडं आधी आमच्या गल्लीत वीज आली. गावाबाहेर कंपनीचं इंजिन होतं, आणि घरोघरी तारा टाकायला कंपनीचा एकच भरवशाचा माणूस होता, तो म्हणजे शेषराव. ठेंगणे, वाळके, खाकी सदरा, धोतर, डोक्याला टोपीऐवजी रुमाल. सदऱ्याच्या खिशात कायम दोन वस्तू असायच्या. एक पत्र्याची नळी. तिच्यात नागपूरहून आलेला त्यांचा परवाना गुंडाळून ठेवलेला. पहिल्याच दिवशी कोणी न मागता त्यांनी तो मामंजींच्या हातात दिला. मामंजी कचेरीत कारकून, त्यांना इंग्रजी येत होतं. ते मनात वाचायला लागले तर मिस्त्री म्हणाले, "मोठ्यानं वाचा ना साहेब, मराठीत करून." मामंजींनी वाचलं. मिस्त्री डोळे मिटून ऐकत होते, कीर्तनाला बसल्यासारखे. मग नळीचं झाकण लावून म्हणाले, "हा कागद आहे तंवर मी मिस्त्री. नाहीतं हातोडी घेऊन फिरणारे गावात शंभर आहेत."

दुसरी वस्तू म्हणजे पोलादाची एक चकती, रुपयाहून जरा मोठी. तिच्या कडेला लहानमोठ्या खाचा आणि प्रत्येक खाचेपाशी आकडा. तार खाचेत घालून तिचा नंबर काढायचा. नंबर वाढला की तार बारीक, हे मला फार उशिरा कळलं. मिस्त्रींना त्या चकतीचं वेडच होतं. गप्पा मारताना हाताला लागेल ते ते खाचेत घालून बघायचे. खराट्याची काडी, गवताचं पातं, एकदा तर मामंजींच्या मिशीचा गळलेला केस.

एका उन्हाळ्यात आम्ही सासूसुनांनी शेवया करून अंगणात बाजेवर वाळत घातल्या होत्या. मिस्त्री तारा तपासायला आले, आणि जाता जाता बाजेपाशी थबकले. एक शेवई उचलली, खाचेत घातली.

"काकू, ही अठरा नंबर. ही बावीस. अन् हे तं शेवई नाही काकू, दोर आहे. विहिरीवर लावा."

"खाऊन पाहा म्हंजे नंबर विसरसान," सासूबाई म्हणाल्या.

मिस्त्री बाजेच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथून चारपाच उचलल्या, एकेक घालून पाहिल्या. "ह्या कोणाच्या हातच्या?"

"सुनेच्या."

"सगळ्या एकवीस. पह्यल्यापासून शेवटपर्यंत एकवीस." ते दाराकडे न बघता म्हणाले, कारण दाराआड मी उभी आहे हे त्यांना माहीत होतं. "तुमच्या सुनेचा हात तारेचा आहे, काकू."

त्या दिवशी मी स्वयंपाक करताना दोनदा आपल्या हातांकडे पाहिलं.

त्यांची कामाची रीत एका वाक्यात सांगता येईल, आणि ते वाक्य ते दर घरी म्हणत. "आधी दिवे मोजा. दिव्यावरून तार ठरवा. तारेवरून फ्यूज." लोक हसायचे. लोकांची रीत उलटी होती. घरात पडलेली तार असायची, तिच्यावर मावतील तेवढे दिवे टांगायचे, आणि फ्यूज जळायला लागला की जाड घालायचा. मिस्त्री म्हणत, "फ्यूज दिव्यासाठी नसते बाप्पा, तारेसाठी असते. भिंतीतली तार तापून राह्यली, हे तुमाले दिसत नाही. मंग त्या डब्यात एक बारीक तार मुद्दाम ठेवली आहे. ती आधी जळते, अन् अंधार करून तुमाले सांगते, का बाबा, थांब." एका लाकडी पट्टीत चार तारा जवळजवळ टाकू द्यायचे नाहीत. एकमेकींना तापवतात म्हणायचे. लांब टाकायची तर जाड टाका, नाहीतर शेवटचा दिवा आजारी माणसासारखा जळेल, असंही म्हणायचे.

तार तापली की नाही ते बघायला ते हात लावत, पण तळहात नाही. उजव्या हाताची मागची बाजू. तळहात लावला आणि झटका बसला तर मूठ मिटते आणि तार सुटत नाही. मागची बाजू लावली तर हात आपोआप मागे येतो. पुढे पुढे त्यांना ती सवयच लागली. चहाची कपबशी, भाकरी, आजारी पोराचं कपाळ, सगळ्याला ते उजव्या हाताची मागची बाजू लावून बघायचे.

गल्लीच्या तोंडाशी कापसाचे एक मोठे व्यापारी होते. त्यांच्या मुलीच्या लग्नात मांडवात तीस दिवे लावले होते. तारा त्यांच्याच कोण्या माणसाने ओढलेल्या. मिस्त्री फक्त शेवटची जोडणी करायला आले. मी बायकांत बसले होते. दिवे लागले, बायका "अगं बाई!" म्हणाल्या, आणि मिस्त्री मात्र मांडवाच्या खांबापाशी तारेला हाताची मागची बाजू लावून उभे.

"शेठ, जरा इकडं या. हात ठेवा."

शेठ हसत हसत आले, हात ठेवला आणि झटकन काढला. "अरे! हिले ताप आला काय?"

"हाव. तार आठ दिव्यांची, ओझं तीस दिव्यांचं." आणि त्यांनी खटका पाडला, खिशातून पक्कड काढून बावीस दिव्यांची तार सगळ्यांदेखत कापली.

"वऱ्हाड येऊन राह्यलं मिस्त्री! माही इज्जत काऊन घेता?"

"वऱ्हाड आल्यावर दिवे नसले तं चालतीन. मांडव नसला तं नाही चालणार."

वऱ्हाड आठ दिव्यांत आणि गॅसबत्त्यांत जेवलं. शेठजींनी कंपनीकडे तक्रार केली. साहेबांनी मिस्त्रींना बोलावून दम दिला, पुन्हा तक्रार आली तर बघू म्हणून. मिस्त्रींना त्याचं काही वाटलं असं दिसलं नाही. मला मात्र तो माणूस फार मोठा वाटायला लागला. खोटं कशाला सांगू, मला त्यांचा अभिमान वाटायचा, घरचं कोणी असल्यासारखा.

लढाई सुरू झाली आणि तांब्याची तार मिळेनाशी झाली. मिस्त्रींचे हाताखालचे लोक कुठे कुठे निघून गेले. फ्यूज गेला की त्यांना यायला दोन दोन दिवस लागायचे. तेव्हा एकदा ते सासूबाईंना म्हणाले, "काकू, कंपनीचा नियम आहे, हा डबा मीच उघडायचा. पण मी एकटा कुठं कुठं पुरू? सूनबाईले शिकवून ठेवतो."

ते शिकवणं मला अजून शब्दाशब्दाने आठवतं. सासूबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसलेल्या, मी दाराच्या फटीत, आणि मिस्त्री पाटावर उभे राहून सासूबाईंना सांगताहेत.

"काकू, सूनबाईले सांगा, आधी हा मोठा खटका खाली. खटका पाडल्याबिगर बोट लावायचं नाही. मंग हा चिनी मातीचा ठोकळा सरळ ओढायचा. जळकी तार काढायची. नवीन तार पस्तीस नंबर, एकच. या पेचाले एक वेढा, त्या पेचाले एक वेढा. ताणायची नाही, ढिली ठेवायची नाही."

"ऐकलं ना वं?" सासूबाई.

"ऐकलं त्यांनी," मिस्त्रीच म्हणाले.

पस्तीस नंबरची तार पुठ्ठ्यावर गुंडाळून त्यांनी सासूबाईंजवळ दिली. मग म्हणाले, "सूनबाई चार बुकं शिकल्या म्हणता ना? मंग झाकणाच्या आत चिकटवायले एक पुठ्ठा लिहून द्या म्हणा. बाईमाणसाचं अक्षर बरं असते." मी आत जाऊन लिहिलं: 'आधी खटका पाडावा. पस्तीस नंबरची एकच तार लावावी. दुसरी जोडू नये.' शाळेत गुरुजी वळणदार अक्षराला शाबासकी द्यायचे, तशा वळणात लिहिलं.

मिस्त्रींनी पुठ्ठा हातात घेतला, नीट निरखला आणि म्हणाले, "झकास." पुठ्ठा त्यांनी उलटा धरला होता.

सासूबाईंचं लक्ष तांदळात होतं. मिस्त्रींनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि त्यांना कळलं की मला कळलं. त्यांनी पुठ्ठा सावकाश फिरवला. त्यांना इंग्रजी आकडे येत होते, अक्षर कोणतंच येत नव्हतं. परीक्षा तोंडी झाली असेल, सही तेवढी गिरवून शिकले असतील. कंपनीत हे कोणाला ठाऊक नव्हतं. मी ते कोणाला सांगितलं नाही. गप्प बसण्यातली माझी तेवढी एक गोष्ट चांगली, म्हणून ती इथे लिहून ठेवते.

आता पुढचं.

माझे धाकटे दीर लढाईवर गेले होते. त्या वर्षीच्या नवरात्रात सासूबाईंनी देवीपुढे तेलाच्या अखंड दिव्याशेजारी विजेचा दिवाही अखंड ठेवायचं ठरवलं. तोपर्यंत कंपनीचं इंजिन दिवसरात्र चालायला लागलं होतं. "दोन्ही दिवे माह्या लेकाचे," त्या म्हणाल्या. "नऊ दिवस इझू द्यायचे नाहीत." अखंड दिव्याची वात आमच्याकडे सात पदरांची असते, आणि ती वळायचं काम माझं. बोटाला राख लावून, एकसारखा पीळ देत, अशी की नऊ दिवस ती मध्येच मरू नये.

त्याच सुमाराला यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, अकोल्याहून विजेची शेगडी आणली. देवीच्या दर्शनाला येणाऱ्या मंडळींना तिच्यावर चहा करून दाखवायचा. देवघरातल्या दिव्यापासून यांनी एक बारीक, दोऱ्यासारखी तार काढली आणि माळ्यावरून, गाद्या-रजयांमधून, ओसरीवर आणली. मिस्त्रींना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी चकती काढली असती.

दुसऱ्या माळेला शेगडी लावली आणि देवीपुढचा विजेचा दिवा गेला. सासूबाईंनी तोंडावर हात धरला. मी खटका पाडला, तार बदलली, दिवा लागला. पाचव्या माळेला पुन्हा. सहाव्या माळेला पुन्हा. दर वेळी सासूबाईंचं तोंड पांढरं पडायचं. सातव्या दिवशी चौथ्यांदा दिवा गेला तेव्हा त्या देवघराच्या उंबऱ्यात बसूनच राहिल्या.

"एवढी केसासारखी तार," त्या म्हणाल्या, "राहीन कशी? वातीचं समजते तुले, अन् याचं समजत नाही?"

सासूबाई आता नाहीत. सगळं त्यांच्यावर ढकलणं सोपं आहे. त्यांनी मला जाड तार घाल असं सांगितलं नाही. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. मला कळत होतं. झाकण उघडलं तेव्हा माझंच अक्षर माझ्या डोळ्यांसमोर होतं, 'दुसरी जोडू नये.' पण तार गुंडाळलेल्या पुठ्ठ्यावर तार उरली होती ती बघून मला वाटलं, बारीक वात विझते, जाड वात टिकते, हे मी लहानपणापासून हातांनी केलेलं आहे. मी तारेचे सात पदर घेतले, बोटाला राख लावली आणि पीळ दिला. फार सुरेख पीळ बसला. ठोकळा आत सारला, खटका वर केला. दिवा लागला. शेगडीही लागली. दिवा गेला नाही.

सासूबाईंनी मला कुंकू लावलं. मी त्या दिवशी खूश होते. हेही लिहायला हवं.

दुसऱ्या दिवशी, अष्टमीला, भर दुपारी माळ्यावरून धूर आला. आधी रबर जळाल्याचा घाण वास, मग काळा धूर, मग रजया पेटल्या. देवघराचं छत लाकडी, ते धरलं. लोक घागरी घेऊन धावले. कोणीतरी मिस्त्रींना आणलं. ते दारातूनच ओरडले, "पाणी नका टाकू! पाणी नका टाकू!" धावत जाऊन खटका पाडला आणि तसेच माळ्यावर चढले. भिंतीवरची जळती लाकडी पट्टी त्यांनी हाताने उपटून खाली फेकली, म्हणून आग पुढच्या खोलीत गेली नाही. वितळलेलं रबर त्यांच्या उजव्या हाताच्या मागच्या बाजूला चिकटलं. ते खाली उतरले तेव्हा हात हवेत धरून उभे होते आणि विचारत होते, "माणसं सगळी बाहेर आहेत ना काकू?"

माणसं सगळी होती. देवघर गेलं. यांनी शेगडी आणि त्या बारीक तारेचे उरलेले तुकडे गुपचूप शेजारी नेऊन लपवले.

दसरा झाल्यावर कंपनीचे साहेब चौकशीला आले. ओसरीवर खुर्ची टाकली. मिस्त्री समोर उभे, उजव्या हाताला फडकं बांधलेलं. सासूबाई आणि मी दाराआड.

साहेबांनी डबा उघडायला सांगितलं. मिस्त्रींनी त्यांच्या पाटावर उभं राहून डाव्या हाताने ठोकळा ओढून काढला. घरात इतकं जळालं होतं आणि फ्यूज तेवढा शाबूत होता. त्यांनी तो उजेडात धरला. सात पदर, एकसारखा पीळ. मिस्त्री लोक तार नुसती गुंडाळतात. असा पीळ कोणी देत नाही, बायका देतात. त्यांनी त्याच्यावरून अंगठा फिरवला, एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग मान वर केली आणि दाराकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला फटीतून स्पष्ट दिसलं.

"या घरात हा डबा कोण उघडतं?" साहेबांनी विचारलं.

"कोणी नाही," मामंजी म्हणाले. त्यांना खरंच माहीत नव्हतं. "मिस्त्रीच येतात."

हे खांबाला टेकून आपल्या पायांकडे बघत होते. सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

साहेबांनी झाकणाच्या आतला पुठ्ठा वाचला. "'पस्तीस नंबरची एकच तार लावावी. दुसरी जोडू नये.' वा! स्वतःच लिहायचं आणि स्वतःच सात जोडायच्या. ग्राहकाच्या कटकटीला कंटाळलात, म्हणून जाड घालून मोकळे झालात. आधी शेठजींची तक्रार, आता हे. अक्षर तुमचंच ना?"

मिस्त्री पुठ्ठ्याकडे बघत राहिले. न वाचता येणारा माणूस अक्षरांकडे बघतो तसे.

आमच्याकडे बायका बाहेर पुरुष बसले असताना बोलत नाहीत. काही सांगायचं असलं तर दाराआडून बांगड्या वाजवायच्या. मग घरातला कर्ता पुरुष "काय आहे?" म्हणून उठून येतो. मला साहेबांसमोर बोलायची गरज नव्हती. नुसत्या बांगड्या वाजवल्या असत्या तरी मामंजी आत आले असते, आणि त्यांच्या कानात मी सांगू शकले असते. सासूबाईंनी एकच हात धरला होता. दुसरा मोकळा होता.

मी त्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सारल्या आणि घट्ट बसवल्या. वाजू नयेत म्हणून.

"हाव साहेब," मिस्त्री म्हणाले. "अक्षर माहंच."

मग त्यांनी डाव्या हाताने खिशातली पत्र्याची नळी काढली. डाव्या हाताला सवय नव्हती, ती काढायला त्यांना वेळ लागला. ती त्यांनी पाटावर ठेवली. साहेबांनी उचलली. परवाना नागपूरला परत गेला, असं मामंजींनी नंतर सांगितलं.

पुष्कळ दिवस मी स्वतःला समजावत होते की ते माझ्यासाठी गप्प बसले नाहीत. अक्षर माझं नाही म्हणाले असते तर लिहिता येत नाही हे उघडं पडलं असतं. सूनबाईला शिकवलं म्हणाले असते तर नियम मोडल्याचं उघडं पडलं असतं. म्हणजे त्यांनी स्वतःला वाचवायलाच तसं केलं. हे खरं धरलं की मला जेवण जायचं. पण वाचलं काय त्यांचं? कागद तर दोन्ही वाटांनी जायचाच होता. खरं बोलले असते तर माझं नाव गावात गेलं असतं, तेवढाच फरक होता. आणि तो फरक त्यांनी साहेबांसमोर उभं राहून, एका क्षणात, मोजून पाहिला असणार.

सासूबाई मरेपर्यंत आम्ही दोघी त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. दीर सुखरूप परत आले. मिस्त्री गाव सोडून गेल्याचं कळलं, कुठे ते कोणाला माहीत नव्हतं. आमच्या घरी नवीन तारा टाकल्या, आणि पुन्हा कोणी मला डब्याला हात लावू दिला नाही. मी लावलाही नसता.

गेल्या आठवड्यात भावजयीच्या डोहाळजेवणाला मी डोणगावला गेले होते. तिथे अजून वीज नाही. कार्यक्रमासाठी भावाची गॅसबत्ती काढली तर ती पेटेना. भावजय म्हणाली, "बाजारात चिंचेखाली एक बत्तीवाले बसतात, चांगले आहेत. चला वन्सं." ती मला त्यांच्यासमोर बसवून मिरच्या बघायला पुढे गेली.

रुमाल तोच होता. केस पांढरे झालेले. पुढ्यात तीनचार बत्त्या, पक्कड, जाळ्यांचं पाकीट, आणि फडक्यावर ती पोलादी चकती. उजव्या हाताच्या मागच्या बाजूची कातडी गुळगुळीत, गुलाबी, ताणून बसवल्यासारखी.

मी पदर पुढे ओढला होता. त्यांनी मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. त्यांनी बत्ती घेतली, उलटीपालटी केली, "जाळी गेली, अन् आत काजळी बसली," म्हणाले, आणि कामाला लागले. मी सगळं ठरवून घेतलं. भावजय लांब आहे. साहेब नाही, मामंजी नाहीत, मनगट धरायला कोणी नाही. एक वाक्य आहे. ते बोलायचं.

त्यांनी नवीन जाळी बांधली, बत्ती पेटवली आणि पंप मारायला लागले. बत्ती फुसफुसायला लागली, मग तिचा तो मोठा आवाज सुरू झाला, शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणंही ऐकू येऊ नये असा.

तेव्हा मी बोलले. "तो पीळ माझा होता," मी म्हटलं. "मिस्त्री, ती तार मी बांधली होती."

इतकी वर्षं मी गप्प होते आणि बोलायला मी तोच आवाज निवडला. तो सुरू होईपर्यंत थांबले होते. ऐकू जाणार नाही हे मला माहीत होतं.

मिस्त्रींनी मान वर केली. बत्तीची चावी फिरवून हवा सोडली. आवाज बंद झाला, सगळा बाजार पुन्हा ऐकू यायला लागला.

"काही म्हणल्या का बाई?"

"नाही," मी म्हटलं.

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत होते. मग "बरं" म्हणाले. बत्ती माझ्याकडे द्यायच्या आधी तापलेली आहे का ते बघायला त्यांनी उजवा हात उलटा करून काचेपाशी नेला. तो तिथे तसाच थांबला. त्या कातडीला काही कळत नसावं. मग त्यांनी तो मागे घेतला आणि डावा हात उलटा करून पुढे केला, सावकाश, नवीन शिकणाऱ्यासारखा.

"गरम आहे अजून," ते म्हणाले. "थांबा. निवू द्या."